मर्डॉकच्या नाकाचा रंग

चौथी भुकटीही फसली. इश्बेलने ओल्या फडक्याने बापाचं नाक पुसलं, जरा जोरातच, आणि फडकं ओट्यावर आपटलं.

“आपटाआपटी कशाला? नाक माझं सोलून निघतंय, तुझं नाही,” मर्डॉक म्हणाला. कॉलरमध्ये टॉवेल खोचून तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी, उजेडात बसला होता. “एवढ्या वेळात बोटीला रंगाचे दोन हात मारून झाले असते.”

“बोट गप्प बसते.”

अकरा वाजता चर्चमध्ये लग्न, तेही इश्बेलचंच. साडेनऊ होत आले होते. केसांत कर्लर, अंगावर जुना गाऊन, आणि नवरी कॉफी दळायच्या यंत्रात रंग दळत होती. टेबलावर डब्या मांडलेल्या: पांढरी, पिवळी, तांबडी, तपकिरी, हिरवी. सगळी खनिजांची पूड. यातूनच ती गेली चार वर्षं चेहऱ्याला लावायचं स्वतःचं फाउंडेशन घरी बनवते. एक मोठा चमचा पांढरी, पाव चमचा पिवळी, चिमटीभर तांबडी. डोळे मिटून जमतं. लावलं तरी काही लावलंय हे कळत नाही.

बापापुढे मात्र तिने हात टेकले होते. फाउंडेशन जुळवायचं तर आधी माणसाचा मूळ रंग सापडावा लागतो. मर्डॉकचा मूळ रंग कुठे शोधायचा? चाळीस वर्षं कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या खाऱ्या वाऱ्यात शेवंडीचे पिंजरे ओढून मान विटेसारखी झालेली. दंडाची आतली बाजू माशाच्या पोटासारखी पांढरी. आणि नाक, गाल लालबुंद, वर बारीक शिरांचं जाळं. मानेवरून बनवलेली भुकटी लावली तर नाक आणखी पेटलं. दंडावरून बनवली तर पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखा दिसला. लाली मारायला तिसऱ्या खेपेला हिरवी वाढवली, तेव्हा मर्डॉकने आरशात बराच वेळ पाहिलं.

“बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर तो कसा दिसतो ते मी बघितलंय,” तो म्हणाला. “अगदी असाच.”

चौथीने कावीळ झाली.

“राहू दे ना पोरी. चर्चमध्ये कोण बघतंय माझ्याकडे?”

“फोटोत लाल येतं, बाबा. फोटोसाठी म्हणतेय मी.” हे ती सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होती.

“मिसेस पेनर काढणार आहेत का फोटो?”

इश्बेल डब्यांची झाकणं लावू लागली. मिसेस पेनर म्हणजे होणारी सासू. देशाच्या पार मध्यावरच्या मॅनिटोबाहून कालच आलेली. सगळं घराणं देवाधर्माचं, दारूच्या थेंबाला न शिवणारं. काल जेवताना त्या बाईंनी मर्डॉकच्या नाकाकडे पाहिलं होतं आणि मग त्याच्या ग्लासाकडे. ग्लासात सफरचंदाचा रस होता.

“तिला सांगून टाक ना सरळ. बापाने दारू सोडून अकरा वर्षं झाली म्हणावं. आणि नाकाचं म्हणशील तर तो त्वचेचा आजार आहे, डॉक्टरने लिहून दिलंय.”

“काय करू? दारात उभी राहून चिठ्ठ्या वाटू? वडील पीत नाहीत, नाक तेवढं तसं आहे?” तिचा आवाज चिरकला. “आज माझं लग्न आहे! आज तरी मला कुणाला काही समजावून सांगायचं नाहीये. बस् झालं मला!”

मर्डॉकने टॉवेल नीट केला आणि तोंड पुन्हा खिडकीकडे धरलं.

पाचव्या वेळी तिने मूळ रंगाचा नाद सोडला. विटेच्या आणि माशाच्या पोटाच्या मधला कुठला तरी धरला. पांढरी कमी केली, पिवळी अंदाजाने, तपकिरी थोडी आणि हिरवी नखावर मावेल एवढीच. यंत्र दोनदा फिरवलं, पूड पिशवीत घालून चोळली, ब्रशवर घेऊन झटकली. डाव्या गालावर लावली आणि मागे सरून पाहिलं. शिरा गेल्या होत्या. गाल एखाद्या नेहमीच्या, धडधाकट म्हाताऱ्याचा वाटत होता. सकाळपासून पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला.

“जमतंय?”

“जमतंय. बोलू नकोस, हलतोस तू.”

उजवा गाल झाला, नाकाचा शेंडा झाला. नाकपुड्यांच्या कडांशी मात्र ब्रश पोचेना. ती आणखी वाकली. दोघांच्या चेहऱ्यांत जेमतेम वीतभर अंतर उरलं. तिथे तिचा हात थांबला आणि तिने नाकाने एक छोटा श्वास आत ओढला. ठरवून नाही. लहानपणी शाळेतून घरी आल्यावर दारातच बापाचा वास घ्यायची तसा, सवयीने.

मर्डॉकने डोळे उघडले.

इश्बेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बाबा, मी... कडा बघत होते.”

त्याने तिचं मनगट धरून ब्रश बाजूला केला. रागाने नाही. मग डॉक्टरसमोर उघडतात तसं तोंड पूर्ण उघडून त्याने तिच्या चेहऱ्यावर एक लांब श्वास सोडला. चहाचा वास होता आणि टूथपेस्टचा.

“हं,” तो म्हणाला. मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले. “आता उरलेलं नाक कर.”