निसटलं तर?

सात वर्षं उपचार करताना डॉक्टर तिला बजावत राहिले, "जपा!" काचेच्या बशीत रुजलेला गर्भ पोटात टिकला, तशी तिनं शिंकणंसुद्धा सोडलं, न जाणो, सटकला तर! आता कळा शिगेला पोहोचल्या, नर्स ओरडली, "ताई, जोर लावा!" आणि ही बया खाटेचा दांडा धरून सगळं आतच ओढतेय. "निसटलं तर?" ती कळवळली. "अगं, त्यासाठीच आलोय इथं," उशाशी उभी सासू म्हणाली. "तुझा नवरा जन्मताना असा सुसाट सुटला, की नर्सनं दारापाशी झेलला!" तिला कळेना, हसावं की बोंबलावं, दोन्ही एकदम झालं. नऊ महिन्यांची मूठ सुटली आणि चिडकं गाठोडं ट्यांहां करत छातीवर आलं. तिचे हात हवेतच राहिले. "धरू?" तिनं नर्सला विचारलं. "धर गं," सासू नाक पुसत म्हणाली, "आता काय डॉक्टरांची चिठ्ठी आणू?"