जरा तिरका

सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेल्या काकांनी फोटोग्राफीच्या वर्गातलं 'शंभर दिवस, रोज एक फोटो' हे आव्हान घेतलं. एक दिवस चुकला की वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून हकालपट्टी. शिकवणाऱ्या बाईंचा शेरा रोज ठरलेला: "काका, रेषा एकदम सरळ, पण फोटोत जीव नाही." पट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाकडून दुसरं काय निघणार!

एकेचाळिसाव्या दिवशी काका तापाने फणफणले. संध्याकाळी जाग आली, तेव्हा मोबाइल शेजारच्या उशीवर होता आणि ग्रुपवर त्या दिवसाचा फोटो गेलेला होता. काका गाढ झोपलेले, कपाळावर ओल्या फडक्याची घडी. खाली बाईंनी लिहिलं होतं, "आज जमलं, काका! फक्त जरा तिरका आलाय."

काकांनी कपाळ चाचपलं. घडी ओलीच होती. दाराची कडी आतून लावलेली होती.

बायको होती तोवर काकांनी तिला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. "दे इकडे, तुझं सगळं तिरकं येतं," म्हणून हिसकावून घ्यायचे.

सकाळी ताप उतरला. काकांनी मोबाइल पुन्हा त्याच उशीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"काढ तुला हवा तसा," ते म्हणाले. "मी हलत नाही."