जवसाचं तेल

भट्टीयंत्राने टेकडीवरच्या काळ्या शेल खडकाचा चुरा तापवायला घेतला आणि भूवैज्ञानिक येरेवार मॅडम त्याच्याभोवती येरझाऱ्या घालू लागल्या. खाली ट्रकमध्ये गावातल्या खाटा चढत होत्या. खडकात तेल किती, हे यंत्र ठरवी आणि त्या आकड्यावरून खाणीसाठी गाव उठवायचं की नाही, हेही यंत्रच ठरवी. माणसाला मागता येई ती एकच फेरतपासणी, तीसुद्धा त्याच जागेवर.

पहिला आलेख मॅडमना खटकला होता, म्हणूनच त्यांनी ही फेरतपासणी मागितली होती. शेलच्या पोटातलं तेल कडक आचेवर सुटतं. इथे मंद आचेवरच रेषा उसळली होती आणि पुढे सपाट झाली होती. म्हणजे हे तेल वरून मुरलेलं. यंत्र मात्र फक्त एकूण तेल मोजत होतं.

"शेवंताबाई, या खडकावर कुणी काही ओततं का?" त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला विचारलं.

"मंग! गावदेव हाये तो आमचा. दर शनिवारी जवसाचं तेल वाहतो."

मॅडम येरझाऱ्या थांबवून तिच्याकडे वळल्या. "गाव सोडायची नोटीस आल्यावर बंद केलं असेल ना?"

"बंद कायले करू? आता तं रोज वाहून राहिलो, गाव वाचव म्हणून. आज सकाळी घराघरातलं होतं नव्हतं ते सारं आणून ओतलं."

यंत्राच्या पडद्यावर मंद आचेची रेषा वर सरकू लागली. पहिल्या शिखराच्याही वर गेली.

ती चढणारी रेषा पाहून शेवंताबाईंनी हात जोडले.

"पावला वाटते, मॅडम."