घुमटाची खालची झडप

क्षितिजाकडे कललेला तारा मंद दिसतोच, कारण त्याचा उजेड जास्त हवेतून येतो. वाटेत किती उजेड मुरतो, हे मोजायलाच ती डोंगरावरच्या वेधशाळेत आली होती. पण हिशेबापेक्षा तो फारच मुरत होता. तिनं खालच्या वस्तीत जाऊन ठणकावलं, "तुमच्या चुलींच्या धुरानं माझ्या कामाची माती होतेय!"

तेव्हापासून वस्तीतल्या चुली दिवस मावळायच्या आत विझू लागल्या. आकडा मात्र ढिम्म हलला नाही.

आज सकाळी तिच्या ध्यानात आलं. घुमटाच्या फटीला दोन झडपा होत्या, ती वरचीच उघडत होती. दुर्बीण खाली कलली की बंद राहिलेली खालची झडप ताऱ्याचा निम्मा उजेड अडवायची.

ती तशीच वस्तीत उतरली. पहिल्याच घरातून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता. तिला बघून त्या घरातल्या काकू लगबगीनं बाहेर आल्या. तिनं तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या,

"ताई, रागावू नका हं. कालपासून सासऱ्यांची रात्री शेकायची शेगडीसुद्धा बंद केलीय. अजून कुणाचा धूर येतोय, ते बघते मी."