पत्रूची जीभ

देशात पहिलं मतदान झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. सिरोंच्याजवळ गोदावरीच्या वाळूत मांडव टाकला होता आणि पत्रू लेकीसाठी आलेली दारू चाखायला बसला होता. त्यांच्या जमातीत रीतच तशी. मोहाची दारू मुलाकडच्यांनी आणायची. मुलीच्या बापानं द्रोण रिकामा केला की सोयरीक पक्की, थुंकला की आल्या वाटेनं परत. पत्रूची जीभ दहा गावांत नावाजलेली. यंदा त्यानं तीन घरं परत पाठवली होती. कोणाची करपलेली, कोणाची पाणचट. खरं तर घरात बुधरी ही एकच लेक, आणि तिच्यावाचून त्याला करमायचं नाही, हे दारू आणणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आज चौथा आलेल्या सुकलूनं आपल्या मुलाच्या सोयरिकीसाठी पत्रूपुढं द्रोण भरला. पत्रूनं घोट जिभेवर घोळवला आणि तो गोंधळला. धुराचा वास नाही की पाण्याची भेसळ नाही. चव ओळखीची, पण कुठली ते आठवेना. खोट शोधता शोधता द्रोण कधी रिकामा झाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"झालं की हो व्याही!" सुकलूनं त्याला मिठीच मारली.

"थांब ना भाऊ! मले काईच समजून नाई राह्यलं. कोणाच्या हातची व्हय ही?"

सुकलूनं हसत मागं बोट दाखवलं. मांडवाच्या खांबाआडून बुधरी पुढं आली.

"तीन घरं परत गेली, बा," ती मान खाली घालून म्हणाली, "मंग चौथ्याची मीच गाळली."