एका मताचा अध्यक्ष

चिटणीस टाळ्या वाजवत होते, पण हातात जोर नव्हता. व्यासपीठावर युनियनचे अध्यक्ष निवृत्तीचा सत्कार स्वीकारत होते आणि सगळा कारखाना त्यांच्यासाठी उभा राहिला होता.

"अहो, जरा हसा की," शेजारून बायको पुटपुटली.

"हसतोय. दात तेवढे दाखवायचे राहिलेत."

तो पुष्पगुच्छ आपल्या हातात असायला हवा होता, असं त्यांना वाटत होतं.

युनियनच्या पहिल्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी दोघं समोरासमोर होते. साहेबांचा डोळा चुकवून मतदान. प्रत्येकानं बोल्टाचा एक नट दोनपैकी एका उमेदवाराच्या डब्यात टाकायचा. त्या सकाळी बायकोनं घराचं दार हौसेनं रंगवायला घेतलं होतं. उशीर झाला, तशी ब्रश टाकून धावतपळत पॅकिंग खात्यात कामावर आली.

चिटणीस एका मतानं पडले.

अध्यक्षांच्या डब्यातल्या एका नटाला ओला हिरवा रंग लागला होता. रंगखात्यात एकच पेंटर होता, आणि तो चिटणिसांचा जिवलग दोस्त. यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो शपथा घेत राहिला, यांनी ऐकून घेतलं नाही. तो वारला तेव्हाही हे गेले नाहीत.

अध्यक्षपदाला पुन्हा ते कधी उभे राहिले नाहीत, चिटणीसच राहिले. रोज वेळेवर घरी यायचं, बायकोबरोबर जेवायचं आणि अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडायची.

अध्यक्षांची बायको बोलायला उठली. "यांच्या संपांनी तुमचे पगार वाढले. मी मात्र जन्मभर एकटी जेवले."

सभागृह हसलं. चिटणिसांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

मग अध्यक्ष म्हणाले, "आज पेंटर हवा होता. पहिल्या मतदानाला साहेब येतात का बघायला मी त्याला फाटकावर उभा केला होता. बिचारा आत आलाच नाही, त्याचं मत राहूनच गेलं."

चिटणिसांच्या टाळ्या थांबल्या.

घरी पोचल्यावर बायकोनं कुलूप काढलं.

"पानं घेते," ती म्हणाली. "या ना आत."

चिटणीस दारापुढेच उभे राहिले. इतकी वर्षं ती त्या दाराला दरवेळी तोच रंग देत आली होती. हिरवा.