पुढची विषम संख्या

आशाने शशिधरला कॉरिडॉरमधल्या खुर्चीशी आणलं. त्याने हाताने खुर्चीची पाठ चाचपली आणि बसला. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली.

"घाई करू नकोस," तो म्हणाला. "अडलीस तर मोठ्याने बोल."

"त्यांच्यासमोर?"

"मग काय झालं?"

दार उघडलं. डॉ. लॉसननी तिला आत बोलावलं.

२००६ चा सप्टेंबर होता. बर्मिंगहॅममधल्या या युनिव्हर्सिटीत एमएस्सी कॉम्प्युटिंगचे प्रवेश डॉ. लॉसन बघत. कोर्स दुसऱ्या शाखांतून येणाऱ्यांसाठीच होता, पण गणिताची अट होती. आशाचं बीए नागपूरचं, संस्कृत घेऊन. गणित दहावीला सुटलं ते सुटलंच.

"सर्टिफिकेट नसलं तरी मी अडून बसणार नाही," डॉ. लॉसन म्हणाल्या. "पण तुम्हाला येतं, हे मला दिसायला हवं. पहिल्याच महिन्यात सिद्धता सुरू होतात, आणि तिथेच लोक कोर्स सोडतात. कुठे शिकलात गणित?"

"घरीच."

बाईंनी मान डोलवली. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांनी मार्कर पुढे केला आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

"एक अधिक तीन, चार. त्यात पाच मिळवले की नऊ. पहिल्या एन विषम संख्यांची बेरीज एनचा वर्ग होते. ती नेहमीच तशी होते, हे सिद्ध करा."

आशाने हे घरी केलं होतं. तिने भराभर लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर हात थांबला. उजवीकडे जे यायला हवं होतं ते येत नव्हतं. तिने पुन्हा वरून खाली पाहिलं. सगळं बरोबर दिसत होतं.

बाहेर कुणाच्या तरी पावलांचा आवाज झाला आणि विरला.

शशिधर बँकेत प्रोग्रॅमर होता. डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला, नजर गेली, पाठोपाठ नोकरी गेली. आशा शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना जेवण वाढायची. त्यावर घर जेमतेम चालत होतं. कोर्सचं ठरल्यावर तिने त्यालाच विचारलं, "शिकवशील?" त्याला कागद दिसत नव्हता, म्हणून प्रत्येक ओळ तिने बोलायची आणि त्याने ऐकायची. "समजलं" म्हणून पुढे जायची सोय नव्हती. तो लगेच म्हणायचा, "थांब. हे कुठून आलं?" एकदा ती चिडून पेन्सिल फेकून उठली होती. त्याने जमिनीवर चाचपडत ती शोधली आणि टेबलावर ठेवली. "हं," तो म्हणाला, "आता सांग, कुठून आलं?"

आशा बोर्डापासून एक पाऊल मागे सरली आणि पहिल्यापासून बोलू लागली.

"एनपर्यंतची बेरीज एनचा वर्ग आहे, असं धरून चालू. आता त्यात पुढची विषम संख्या मिळवायची. पुढची म्हणजे दोन एन वजा एक…"

ती थांबली.

"छे, ती पुढची नाही. ती शेवटची. ती बेरजेत आधीच आलीय. पुढची म्हणजे दोन एन अधिक एक!"

तिने तळहाताने वजाचं चिन्ह पुसलं आणि अधिक लिहिलं. मग काही करावंच लागलं नाही. एन अधिक एक, सगळ्याचा वर्ग. तिने खाली रेघ मारली आणि वळली. बाई तिच्याकडे बघत होत्या, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"सॉरी. मी मराठीत बोलले."

"मला भाषा कळली नाही," डॉ. लॉसन म्हणाल्या. "पण कुठे चुकलात ते कळलं. कुठे सापडलं तेही कळलं. कुणाला सांगत होतात?"

"नवऱ्याला. तोच शिकवतो मला. त्याला दिसत नाही, म्हणून सगळं बोलून दाखवावं लागतं."

"आता कुठे आहेत ते?"

"बाहेर बसलाय."

बाई उठल्या आणि स्वतःच दार उघडून बाहेर गेल्या. पावलं ऐकून शशिधर उभा राहिला. त्याने हात पुढे केला, तो जरा भलतीकडेच. डॉ. लॉसन दोन पावलं बाजूला सरकल्या, जिथे हात होता तिथे आल्या आणि त्यांनी तो हातात घेतला.

"मी लॉसन. तुमच्या विद्यार्थिनीला मी प्रवेश दिलाय."

शशिधरने इंग्रजीत विचारलं, "चुकली कुठे?"

बाई मोठ्याने हसल्या. "एकाच ठिकाणी. आणि ती चूक तिची तिनेच काढली."

बसस्टॉपवर दोघंच होती. त्याने तिचं कोपर धरलं होतं. काय म्हणायचं ते आशाने जिना उतरताना मनात जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच: "शशी, तू नसतास ना, तर…"

"उलटं आहे ते," तो म्हणाला. "नजर गेल्यापासून सगळे मला सांगतच असतात. जपून, पायरी आहे. हळू, चहा गरम आहे. चांगलेच आहेत गं सगळे. पण मला कुणी काही विचारत नव्हतं. तू विचारलंस."

आशाने बाहीने डोळे पुसले. रस्त्याच्या वळणावर बसचा आवाज आला.

"कुठली आहे बघ," शशिधर म्हणाला. "आपलीच का?"

तिने मान वर करून बसचा नंबर वाचायचा प्रयत्न केला.

"थांब जरा," ती म्हणाली. "मलाही दिसत नाहीये."